एबी केबलवर दर पावसाळ्यात लाईट कमी-जास्त होते: केबल बदलण्याआधी जोड तपासा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतो, वारा सुटतो आणि वाडीतल्या त्याच घरांत लाईट नाचायला लागते. एका घरात ट्यूब पेटत नाही, शेजारच्या घरात पंखा भन्नाट फिरतो. कुणाचा टीव्ही जातो, कुणाच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. लाईनमन भर पावसात येतो, खांबावर चढतो, कनेक्टर आवळतो, वर काळी टेप गुंडाळतो. लाईट नीट होते. गणपतीच्या आसपास पुन्हा तेच, पुढच्या जूनला पुन्हा तेच. मग गावात बोललं जातं, "ही काळी केबलच खराब, जुन्या उघड्या ताराच बऱ्या होत्या."

माझं काम अशाच लाईनींवर, बरंचसं कोकणपट्टीत. केबलला दिलेला हा दोष मला पटत नाही. आकडे टाकून होणारी चोरी थांबावी, झाडांच्या फांद्या आणि माडाच्या झावळ्या लागून लाईन ट्रिप होऊ नये, तारा एकमेकींवर आपटू नयेत, यासाठी एबी केबल (एरियल बंच्ड केबल, म्हणजे झाकलेल्या तारांचा खांबांवरून नेलेला जुडगा) आली. ही कामं ती चोख करते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत वीजगळती कमी करण्याच्या कामांतही ही केबल आहे, त्यामुळे ती आता गावोगाव दिसते. १,१०० व्होल्टपर्यंतच्या या केबलचं भारतीय मानक आयएस १४२५५ हे १९९५ चं, म्हणजे वस्तू नवखी नाही. तिचं एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लॅस्टिक) इन्सुलेशन ९० अंश सेल्सिअसला कायम काम करू शकतं आणि उन्हात टिकावं म्हणून त्यात कार्बन ब्लॅक घातलेलं असतं. सरळ स्पॅनमधली, म्हणजे दोन खांबांच्या मधली, कशालाही न घासणारी केबल आपणहून बिघडलेली फार क्वचित सापडते. बिघाड होतो तो माणसाने केबलला जिथे दात लावले तिथे, म्हणजे जोडावर. जोडाच्या कनेक्टरचे दात इन्सुलेशन भेदून आतल्या तारेला टेकतात. आणि तो दरवर्षी परत येतो, कारण आपण जोड बदलत नाही, आवळतो.

घरात व्होल्टेज वाढलं असेल तर आधी हे करा

बल्ब एकाएकी जास्त उजळला, पंख्याचा आवाज बदलला, तर थेट मेन स्विच बंद करा. टीव्हीचा प्लग काढू की फ्रिजचा, हा विचार करत बसू नका. एमसीबी यात वाचवत नाही, कारण ती जादा करंट ओळखते, जादा व्होल्टेज नाही. आरसीसीबी गळती ओळखते, तिचाही इथे उपयोग नाही. साधा स्टॅबिलायझर ३५० व्होल्टसाठी बनवलेला नसतो.

असं का होतं ते आकड्यांत पाहा. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि दोघांत मिळून फेज-टू-फेजचे ४०० व्होल्ट वाटले जातात. एका घरात २,००० वॅटचा गिझर चालू आहे, म्हणजे साधारण २६ ओहम. दुसऱ्या घरात टीव्ही, दोन दिवे, एक पंखा मिळून २०० वॅट, म्हणजे साधारण २६४ ओहम. गिझरवाल्या घराला मिळतील जेमतेम ३६ व्होल्ट आणि टीव्हीवाल्या घराला ३६० च्या वर. ज्याच्याकडे लोड कमी त्याचं नुकसान जास्त. फार काही न वापरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातला टीव्ही आधी जातो तो म्हणूनच.

१९१२ वर तक्रार करताना नुसतं "लाईट कमी-जास्त होतेय" सांगू नका. "न्यूट्रल गेल्यासारखं वाटतंय, काही घरांत व्होल्टेज वाढलंय, काही घरांत कमी झालंय" असं सांगा. व्होल्टेज कमी असल्याची तक्रार सकाळपर्यंत थांबू शकते, ही थांबू शकत नाही. शक्य असेल तर घरात मेनजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. साधारण २७० च्या वर तोडणारा असला की पुरतो.

आणि एक कळकळीची विनंती. न्यूट्रल गेला की काहीजण अर्थिंगची वायर न्यूट्रलच्या जागी जोडून लाईट चालू करतात. कोकणात, देशावर, सगळीकडे हे चालतं. असं केलं की घरातल्या लोडचा सगळा करंट त्या अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहतो. जांभ्या दगडात, सुकलेल्या खड्ड्यात अर्थिंग कच्चं असतं, त्यामुळे अर्थिंगच्या वायरवरच व्होल्टेज चढतं. फ्रिजचं दार, वॉशिंग मशीन, पंपाची बॉडी, बाथरूममधला नळ हे सगळं त्याच वायरला जोडलेलं. माणसं अशीच जातात. अंधारात एक रात्र काढा, पण हे करू नका.

खांबावरचं, बॉक्समधलं काम ग्राहकाचं नाही. यापुढचं सगळं अधिकृत वायरमन, जनमित्र (महावितरणचे लाईनमन) आणि ठेकेदाराकडच्या माणसांसाठी आहे.

फेजचा दोष की न्यूट्रलचा, हे खालूनच ठरवा

खांबावर चढायच्या आधी शेजारपाजारी विचारा. एकाच घरात त्रास असेल तर त्याची सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी), मीटरचं टर्मिनल, कटआउट (फ्यूज) एवढंच पाहा. बऱ्याच घरांत त्रास असेल तर एक गोष्ट नक्की विचारा, कुणाकडे व्होल्टेज वाढलंय का? फेजचा जोड सैल झाला तर त्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं, पण कुणाकडेही वाढत नाही. एकीकडे पडतं आणि दुसरीकडे वाढतं तेव्हा दोष न्यूट्रलचा.

मग त्या भागातल्या डिस्ट्रीब्युशन बॉक्सवर सहा रीडिंग घ्या. तीन फेज-टू-न्यूट्रल, तीन फेज-टू-फेज. लोक पहिली तीन घेतात आणि दुसरी तीन सोडतात, तिथेच गोंधळ होतो. समजा फेज-टू-न्यूट्रल १७६, २४९ आणि २८० आले, पण फेज-टू-फेज तिन्ही ४०० च्या आसपास आहेत. याचा अर्थ ट्रान्सफॉर्मर ठीक, तिन्ही फेज ठीक, फक्त न्यूट्रल आपल्या जागेवरून सरकला आहे. फेजच्या कनेक्टरला हात लावायची गरजच नाही. याउलट आर फेज १९० आणि वाय, बी दोन्ही २३० असतील, आणि आर-वाय, आर-बी कमी पण वाय-बी पूर्ण ४०० असेल, तर आर फेजचा जोड गेला आहे. तिन्ही फेज सारख्याच पडल्या असतील, आणि डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) जसजसं लांब जाल तसतशा थोड्या थोड्या पडत गेल्या असतील, तर जोडात काही नाही. लाईन लांब आहे, केबल बारीक आहे किंवा लोड वाढलं आहे. त्याचा उपाय वेगळा, तो कागदावर मांडून वरिष्ठांकडे द्यायचा.

सकाळी मोजून काही कळत नाही

बहुतेक तक्रारी "तपासले, व्होल्टेज बरोबर आहे" अशा शेऱ्याने बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सकाळी अकराला वाडीत लोड नसतं. सैल जोडातून करंटच जात नसेल तर व्होल्टेज पडणार कसं? शिवाय डिजिटल मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. एका केसाएवढ्या धाग्यावर टिकलेला जोडही त्याला पूर्ण २३० दाखवतो.

म्हणून मोजायचं संध्याकाळी सात ते नऊ, लोड असताना. ते जमत नसेल तर हजार-दोन हजार वॅटचा हीटर किंवा हॅलोजन सोबत न्या, बॉक्सच्या आउटगोइंगवर लावा आणि मग मोजा. लोड लावायच्या आधी आणि नंतरच्या रीडिंगमधला फरक लिहून ठेवा. डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत बॉक्सगणिक हे केलं की दोष स्वतःच जागा दाखवतो. चांगल्या लाईनवर व्होल्टेज हळूहळू उतरतं: २३२, २२८, २२५. मग एका बॉक्सवर एकदम २०१. तिसऱ्या आणि चौथ्या बॉक्सच्या मध्ये जे जोड आहेत तेवढेच पाहायचे. पूर्ण लाईन चाचपत बसायची गरज नाही.

असा फरक कुठे जातो ते छोट्या आकड्यांवर समजून घ्या. जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम झाला आणि त्यातून ५० अँपिअर गेले तर जोडावर ५ व्होल्ट पडतात आणि २५० वॅट उष्णता तयार होते. मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत २५० वॅट, तेही रोज संध्याकाळी चार तास. थर्मल कॅमेरा मिळाला तर त्याच वेळी एकाच खांबावरच्या तिन्ही फेजचे कनेक्टर शेजारी शेजारी धरून पाहा. अमुक तापमान म्हणजे खराब असा आकडा शोधू नका. सारखं लोड असून एक कनेक्टर बाकीच्या दोघांपेक्षा ठळक गरम दिसला की तो काढायचा.

न्यूट्रलमधला करंट खोटं बोलत नाही

टॉन्ग टेस्टर (तारेभोवती जबडा धरून करंट मोजणारं मीटर) असेल तर न्यूट्रल तपासायला यासारखी दुसरी सोय नाही. डीपीच्या बॉक्सवर तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा करंट घ्या. समजा फेजचे करंट ४०, २५ आणि १० आहेत. पॉवर फॅक्टर साधारण सारखे धरले तर न्यूट्रलमध्ये २६ च्या आसपास करंट दिसायलाच हवा. तिथे ४-५ अँपिअरच दिसत असतील तर बाकीचा करंट न्यूट्रलने परत येत नाही, जमिनीतून किंवा दुसऱ्या एखाद्या वाटेने येतोय. न्यूट्रल पुढे कुठेतरी सैल आहे किंवा तुटलाच आहे.

एबी केबलवर आणखी एक गोष्ट करता येते जी उघड्या तारांच्या लाईनवर करता येत नव्हती. मोठ्या जबड्याचा टॉन्ग टेस्टर घेऊन मेसेंजरसकट (केबलचं वजन पेलणाऱ्या वायरसकट) अख्खा जुडगा त्यात धरा. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर रीडिंग शून्याजवळ येतं. सात-आठ अँपिअर दिसले तर तेवढा करंट केबलबाहेरून परततोय. खांबागणिक हे करत गेलात तर गळतीचा भाग लगेच आवळत आणता येतो. मेसेंजर अर्थ केलेल्या खांबांवर थोडा फरक दिसेल, तो धरूनच अंदाज घ्या. पाऊस लागल्यावर जमीन ओली होते, खांबांची अर्थिंग न्यूट्रलचं काम काही प्रमाणात निभावून नेतात आणि तुटलेला न्यूट्रल झाकला जातो. घरांत व्होल्टेज ठीक दिसतं, पण अर्थिंगच्या पट्टीतून करंट वाहत असतो. गुरं खांबाला घासतात, मुलं स्टे वायरला लोंबकळतात. अशा वेळी ही एक चाचणीच तो दोष उघड करते.

काढलेला कनेक्टर एकदा नीट पाहा

समुद्रालगतच्या एका वाडीतून काढलेला न्यूट्रलचा कनेक्टर मी बाकावर उघडला होता. बाहेरून टेपचे चार थर, एकावर एक, प्रत्येक वेगळ्या वर्षाचा. सगळ्यात आतल्या थराखाली पाणी होतं, टेपने ते बाहेरच जाऊ दिलं नव्हतं. प्लॅस्टिकची बॉडी एका बाजूने तपकिरी होऊन फुगलेली. बोल्टचं वरचं डोकं तुटलेलं, ते बरोबरच आहे, पण खालच्या डोक्याच्या कडा पान्याने गोल झालेल्या. आत दातांवर काजळी आणि दातांभोवती पांढरी भुकटी, ओल्या चुन्यासारखी. ही भुकटी म्हणजे गंजलेलं अ‍ॅल्युमिनियम. सर्व्हिसच्या बाजूला तांब्याची बारीक वायर घातलेली, अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), आणि कनेक्टरवर छापलेलं होतं ४ ते ३५ स्क्वेअर. दात तिच्यापर्यंत नीट पोचलेच नव्हते. मेन बाजूला तर मेसेंजर उघडा, आणि कनेक्टर इन्सुलेटेड केबल भेदण्यासाठी बनवलेला. उघड्या वायरवर त्याची रबरी सील बसत नाही, पाणी सरळ आत.

एवढ्या एका कनेक्टरमध्ये नेहमीच्या चुका जवळजवळ सगळ्या होत्या. चुकीची साईज, चुकीचा प्रकार, पुन्हा आवळणं आणि टेप.

पहिल्या पावसातच का?

एप्रिल-मेच्या संध्याकाळी पंखे, एसी, पंप यांनी लोड चढतं. आधीच सैल असलेला जोड रोज तापतो आणि रात्री थंड होतो. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, दाबाखाली ते हळूहळू सरकतंही, त्यामुळे पकड ढिली होत जाते. कनेक्टरमधली ग्रीस वितळून वाहते किंवा सुकते. मग तापलेल्या कनेक्टरवर पावसाचं पाणी पडतं, आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं ओलाव्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, किनाऱ्यावर खारं वारं असल्याने अधिकच वेगाने. त्यात वाऱ्याने केबल हलते आणि उरलीसुरली पकड सुटते, बसते, सुटते. लाईट नाचते ती या सुटण्या-बसण्यामुळे. दोष जूनमध्ये दिसतो, पण तयार होतो मे महिन्यात. म्हणूनच तपासणी मे महिन्यातल्या संध्याकाळी लावली तर जूनच्या पावसात खांबावर चढायची वेळ येत नाही.

दुरुस्ती: आवळू नका, बदला

पिअर्सिंग कनेक्टरच्या बोल्टला दोन डोकी असतात. वरचं डोकं ठरावीक ताकदीला तुटावं असंच बनवलेलं असतं. ते तुटलं म्हणजे दात इन्सुलेशन भेदून कंडक्टरला हवे तेवढे टेकले. खालचं डोकं फक्त कनेक्टर काढण्यासाठी ठेवलेलं असतं. त्याला पाना लावून "अजून थोडं" आवळलं की दात धाग्यांत घुसून ते तोडतात, किंवा बॉडीला चीर जाते. दोन-चार आठवडे लाईट चांगली राहते, कारण दाताने नवा चकचकीत भाग उघडा केलेला असतो. त्यावर ऑक्साईडचा थर चढला की पुन्हा तक्रार. एकदा बसवलेला कनेक्टर पुन्हा आवळायचा नाही आणि काढलेला कनेक्टर पुन्हा बसवायचा नाही. माझ्या मते दरवर्षीच्या या दुखण्याचं मूळ याच एका सवयीत आहे.

काम सुरू करण्याआधी परमिट घ्या, डीपीवरून लाईन बंद करा, फ्यूज काढून स्वतःकडे ठेवा, तिन्ही फेज मेल्याची टेस्टरने खात्री करा, मग शॉर्ट करून अर्थ करा. उघड्या तारांवर डिस्चार्ज रॉड कुठेही अडकवता येतो. एबी केबलवर उघडा फेज सापडत नाही, म्हणून अनेकजण ही पायरीच गाळतात. तसं करू नका. कामाच्या दोन्ही बाजूंच्या बॉक्समधल्या बसबारवर शॉर्ट-अर्थ करा. घरचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलटी वीज लाईनवर पाठवू शकतो आणि केबल काळी, झाकलेली दिसते म्हणून हात निर्धास्त पुढे जातो.

जुना कनेक्टर काढल्यावर नवा त्याच भोकांवर बसवू नका. एक वीतभर अंतर सोडून ताज्या जागी बसवा. जुन्या दातांची भोकं स्वतःत विरघळून चिकटणाऱ्या रबरी टेपने बंद करा आणि वरून उन्हाला टिकणारं आवरण द्या. साधी काळी पीव्हीसी टेप इथे चालत नाही. जुडग्यातून कोर वेगळा काढायला प्लॅस्टिकची पाचर वापरा, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, त्याने पडलेला ओरखडा पुढच्या वर्षीचा शॉर्ट होतो. फेज ओळखायला कोरवर बोट फिरवा. इन्सुलेशनवर उभ्या रेघा उठवलेल्या असतात, एका फेजला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. स्ट्रीट लाईटचा १६ स्क्वेअरचा कोर साधा असतो. रात्री, हातमोज्यांतूनही या रेघा लागतात. फेज ओळखूनच सर्व्हिस वाटा, हाताला आला त्या कोरवर सगळी घरं टाकली की एकच फेज आणि न्यूट्रल तापत राहतात.

कनेक्टरवरची छापलेली साईज मेन आणि टॅप दोन्ही बाजूंसाठी वाचा. बारीक सर्व्हिससाठी बारीक रेंजचा कनेक्टर मागवा. वायर शेवटच्या टोपीत पूर्ण आत जाऊ द्या, टोपी हरवलेला कनेक्टर लावू नका. कापलेल्या टोकातून शिरलेलं पाणी धाग्यांमधून वाट काढत खाली बॉक्सपर्यंत येतं, तिथले लग खातं, आणि आपण बॉक्सचं झाकण गळतंय म्हणून सिलिकॉन लावत बसतो. बॉक्समध्ये शिरण्याआधी सर्व्हिसला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकून जाईल. बोल्ट रिंग पान्याने सावकाश, वरचं डोकं तुटेपर्यंत फिरवा. पकडीने पिळू नका.

दात लागलेल्या जागी धागे तुटले किंवा जळले असतील तर तो तुकडा कापून इन्सुलेटेड स्लीव्ह घाला आणि योग्य डायने क्रिम्प करा.

मेसेंजर: सगळ्यात जास्त दुर्लक्षित

आपल्याकडच्या बऱ्याच लाईनींवर मेसेंजर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची उघडी वायर, आणि तिच्यावर दोन कामं लादलेली. अख्ख्या केबलचं वजन तिने पेलायचं आणि न्यूट्रलही तिनेच व्हायचं. डेड एंड क्लॅम्प ताण धरायला असतो, करंट न्यायला नाही. खांबावर मेसेंजर कापून दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावले आणि मधला जम्पर (दोन्ही टोकं जोडणारी वायर) विसरला, किंवा जम्पर नुसता पिळून गुंडाळला, तर न्यूट्रल क्लॅम्प आणि आय हुकच्या लोखंडातून कसाबसा चालतो. नवीन असताना काही कळत नाही. गंज चढला की पहिल्या वाऱ्यात सुटतो. न्यूट्रलचा दोष सापडला की सगळ्यात आधी कापलेले खांब पाहा, म्हणजे जिथे दोन्ही बाजूंना डेड एंड आहेत तेच.

जम्पर डेड एंडच्या मागच्या ढिल्या शेपटांवर घ्या. मेसेंजरचा भाग वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासा, लगेच जोडाची ग्रीस लावा, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साईडचा थर तत्काळ चढायला लागतो. मग उघड्या कंडक्टरसाठी बनवलेला कनेक्टर, साईज पाहून. मुख्य न्यूट्रलच्या जम्परला मी दोन कनेक्टर लावतो, एक सुटला तर दुसरा घरं वाचवतो. कनेक्टरच्या किमतीपेक्षा एका घराचा फ्रिज महाग. मेसेंजर स्पॅनच्या मधे तुटला असेल तर तिथे साधी स्लीव्ह चालणार नाही, पूर्ण ताण झेलणारीच स्लीव्ह लागते.

आणि प्रत्येक नव्या पोराला हे सांगून ठेवा: उघडा मेसेंजर "न्यूट्रल आहे" म्हणून हात लावायचा नाही. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला असेल तर घरांतल्या लोडमधून फेज या उघड्या वायरवर आलेला असतो, पूर्ण जीव घेईल इतका. झाड पडून केबल रस्त्यावर आली असेल तर गावकऱ्यांनीही तिला झाकलेली समजून बाजूला ओढू नये, त्या जुडग्यात बऱ्याचदा एक वायर उघडी असते.

लाईट नाचत नसून फ्यूज उडत असेल तर

हा वेगळा दोष. वारा सुटला की डीपीचा फ्यूज जातो आणि वारा थांबला की टिकतो, तर केबल कुठेतरी घासली जातेय. पाने लागली तर चालतात, जाड फांदी रोज घासली तर नाही. पत्र्याची कड, खांबाचा अँगल, रबरी अस्तर हरवलेला सस्पेन्शन क्लॅम्प या तीन जागा आधी पाहा. इन्सुलेशन झिजलं की फेज थेट शेजारच्या उघड्या मेसेंजरला लागतो. मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावणार असाल तर आधी त्या भागातल्या सगळ्या सर्व्हिस बॉक्समधून सोडवा. नाहीतर घरांतलं लोड फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये येऊन रीडिंग कमी दिसेल आणि मेगरच्या ५०० किंवा १,००० व्होल्टने लोकांचे मीटर आणि वस्तू जातील, ते वेगळंच.

काम झाल्यावर

लाईन चार्ज केल्यावर लाईट आली म्हणून निघू नका. त्याच संध्याकाळी, लोडवर, तीच सहा रीडिंग त्याच बॉक्सवर पुन्हा घ्या आणि न्यूट्रलचा करंट पुन्हा मोजा. फेजच्या करंटवरून काढलेला न्यूट्रलचा हिशोब आणि प्रत्यक्ष रीडिंग जवळपास जुळायला हवेत. खांबाचा नंबर, तारीख, कुठला कोर, कुठल्या साईजचा कनेक्टर, लोड असतानाचं व्होल्टेज हे वहीत लिहा. पुढच्या मे महिन्यात तोच बॉक्स त्याच वेळी मोजा. दोन-तीन व्होल्टने उतरलेला जोड तेव्हाच दिसतो, कुणाचा टीव्ही जायच्या आधी. महिन्याभराने पुन्हा बदलायची वेळ आली तर जोड सोडा आणि त्या फेजवरचं लोड पाहा.

काढलेले कनेक्टर पिशवीत परत टाकू नका. जागेवरच बॉडी फोडून भंगारात द्या, कारण पिशवीत राहिलेला जुना कनेक्टर रात्री-अपरात्री, साहित्य नसताना, पुन्हा कुठल्यातरी खांबावर चढतो.